फोनवर चालणारा पीएसपी: एका फाइलचा इतिहास

या मालिकेत आपण नाण्यांबद्दल बोललो, कागदाबद्दल बोललो, छापखान्यांबद्दल तर सलग तीन भाग बोललो. आज एका फाइलचा इतिहास सांगणार आहे. तुमच्यातल्या तिशीच्या आतल्या लोकांनी ती पाहिली आहे. तिच्या नावाच्या शेवटी टिंब आणि ‘सीएसओ’ अशी तीन अक्षरे असतात. ती फोनच्या मेमरी कार्डात ठेवायची, पीपीएसएसपीपी नावाचे निळ्या चिन्हाचे अ‍ॅप उघडायचे, फाइलवर बोट ठेवायचे, की ‘गॉड ऑफ वॉर’ किंवा ‘टेकन’ सुरू. घरातल्या मोठ्या माणसांना वाटते, पोरगा फोनवरचा गेम खेळतोय. तसे पाहिले तर तो गेम फोनचा नाहीच. तो एका जपानी यंत्राचा आहे, आणि त्या यंत्राचे उत्पादन थांबूनही दहा वर्षे उलटून गेली.

इतिहासाच्या माणसाने यात का पडावे, असे मला काहींनी विचारले. माझे उत्तर साधे आहे. एका पिढीने काय खेळले याचा पुरावा याच फाइलींत आहे, आणि त्यातल्या बऱ्याच फाइली अपुऱ्या आहेत, कापलेल्या आहेत. कुठली पूर्ण आणि कुठली कापलेली हे कळायचे असेल, तर ती लहान कशी झाली हे आधी समजून घ्यावे लागेल. (बोलताना पडद्यावर दाखवलेल्या आकृत्या या पुस्तकात शब्दांत दिल्या आहेत. त्यामुळे मधला भाग जरा सावकाश वाचा.)

सुरुवात मात्र गेमपासून करून चालणार नाही. ‘एम्युलेटर’ हा शब्द खेळण्यातला नाही, तो हिशेबाच्या खात्यातला आहे. आयबीएम कंपनीचे १४०१ नावाचे संगणक १९६० च्या दशकात बँकांत, विमा कंपन्यांत, कारखान्यांत बसले होते. दहा हजारांहून अधिक यंत्रे विकली गेली होती. मग ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही नवी मालिका जाहीर केली. यंत्र झकास, पण जुन्या गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा होता: आमचे पगाराचे, हप्त्यांचे सगळे प्रोग्रॅम १४०१ साठी लिहिलेले आहेत, त्यांचे काय? ते नव्याने लिहायला वर्षे लागली असती. म्हणून नव्या यंत्राच्या आतच जुन्या यंत्रासारखे वागण्याची सोय केली गेली. आयबीएमच्या माणसांनी त्या सोयीला ‘एम्युलेटर’ म्हटले. जुन्या प्रोग्रॅमला आपण नव्या घरात आलो आहोत हे कळतच नसे. तुमच्या फोनमध्ये आज जे चालते ते नेमके हेच, फक्त पगारपत्रकाच्या जागी कुस्ती आली.

आपल्याकडे मात्र क्रम उलटा झाला. भारतात नक्कल आली ती आधी यंत्राची. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचे जे ‘व्हिडिओ गेम’ घरोघरी आले, ते बहुतेक निन्टेंडोच्या यंत्राची पूर्वेकडच्या देशांत बनलेली नक्कल होते. त्यांची कॅसेट म्हणजे कार्ट्रिज, पण कॅसेट हाच शब्द रुळला. ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’, आणि एका कॅसेटमध्ये नऊशे नव्याण्णव गेम असल्याचा दावा. उघडून पाहिले की त्यात पंधरा-वीसच खरे, बाकी त्यांचीच रूपे. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची. हे मी मुद्दाम सांगतो आहे. मूळ वस्तू न पाहता तिची नक्कल पाहून मोठी झालेली पिढी आपली आहे. तिला पुढे फोनवर मिळालेली नक्कल परकी वाटली नाही.

तिकडे पाश्चात्त्य देशांत याच दशकात काही हौशी प्रोग्रॅमर घरच्या संगणकावर जुनी यंत्रे उभी करत होते. इटलीच्या निकोला साल्मोरिया याने फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ हा एम्युलेटर प्रसिद्ध केला. नाण्यावर चालणारी आर्केडची यंत्रे भंगारात जात होती, त्यांच्या आतल्या चिपा वाचून ठेवणे हा त्यामागचा हेतू. त्याच वर्षी निन्टेंडोच्या जुन्या यंत्रासाठी ‘नेस्टिकल’ आला. जानेवारी १९९९ मध्ये ‘अल्ट्राएचएलई’ने तर तेव्हा दुकानात विकत मिळणाऱ्या निन्टेंडो ६४ चे गेम साध्या पीसीवर चालवून दाखवले. कंपन्यांना घाम फुटला तो इथे. जुने भंगार कोणी जपले तर हरकत नव्हती. चालू दुकानातला माल दुसरीकडे चालू लागला, ही वेगळी गोष्ट.

आणि मग खटला झाला. तो जरा थांबून पाहू, कारण तुमच्या फोनवरचे अ‍ॅप आज उजळ माथ्याने दुकानात मिळते त्याचे एक मूळ त्या निकालात आहे. कनेक्टिक्स नावाच्या अमेरिकी कंपनीने जानेवारी १९९९ मध्ये ‘व्हर्च्युअल गेम स्टेशन’ आणले. अ‍ॅपलच्या संगणकावर सोनीच्या प्लेस्टेशनचे गेम चालवणारा हा प्रोग्रॅम स्टीव्ह जॉब्झने स्वतः व्यासपीठावरून दाखवला होता. सोनी न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे: हे बनवताना तुम्ही आमच्या यंत्रातला बायोस, म्हणजे यंत्र जागे होताना चालणारा मूळ प्रोग्रॅम, पुन्हापुन्हा उतरवून घेतलात. कनेक्टिक्सचे उत्तर: हो, अभ्यासासाठी उतरवला, पण आम्ही विकतो त्यात तुमची एक ओळही नाही. खालच्या न्यायालयाने विक्रीला मनाई केली. १० फेब्रुवारी २००० रोजी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ती उठवली. यंत्र कसे चालते हे कळण्यासाठी अशी मधली प्रत काढावी लागत असेल, तर ती न्याय्य वापरात बसते, असे न्यायमूर्ती कॅन्बी यांनी लिहिलेल्या निकालात म्हटले. सोनी खटला हरली आणि पुढच्या वर्षी तिने तो प्रोग्रॅमच विकत घेऊन बंद केला. हरलेल्याने जिंकलेल्याला असे गिळण्याचे प्रसंग इतिहासात नवे नाहीत, तुम्हाला मराठेशाहीतलेच दोन-चार आठवतील. पण निकाल राहिला.

भारतीय कायद्यातही याला समांतर जागा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ हक्कभंगातून सूट देते. कायदेशीरपणे प्रोग्रॅम बाळगणाऱ्याला तो हरवू किंवा बिघडू नये म्हणून राखीव प्रत काढता येते, आणि दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती, ती अन्यथा सहज मिळत नसेल तर, शोधता येते. याचा अर्थ उघड आहे. एम्युलेटर लिहिणे आणि वापरणे हा गुन्हा नाही. स्वतः विकत न घेतलेला गेम कुणाकडून तरी उतरवून घेणे हे मात्र त्या सुटीत बसत नाही. यूट्यूबवर ‘फुकट उतरवा’ म्हणून सांगणारे व्हिडिओ या दोन गोष्टींची सरमिसळ करतात. मी ती करणार नाही, आणि कुठून उतरवायचे हे टिप्पण्यांमध्ये विचारू नका.

आता आपल्या यंत्राकडे येऊ. सोनीचा प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे पीएसपी, जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ रोजी विक्रीला आला. पडदा ४८० बाय २७२ ठिपक्यांचा, आत ३२ मेगाबाइट रॅम आणि मिप्स घराण्यातला प्रोसेसर. त्याची कमाल गती ३३३ मेगाहर्ट्झ, पण बॅटरी वाचावी म्हणून सुरुवातीला तो २२२ वरच रोखून ठेवलेला. साडेसात कोटींहून अधिक विकले गेले. गेम यायचे यूएमडी नावाच्या छोट्या चकतीवर. प्लॅस्टिकच्या कवचात बंद असलेल्या या चकतीत १.८ गिगाबाइट मावत. सोनीशिवाय ती कुणीच वापरली नाही. यूएमडीचा त्रास दोन प्रकारचा होता. एक, चकती फिरवायला मोटर लागे आणि मोटर बॅटरी खाई. दोन, प्रत्येक गेमची वेगळी चकती खिशात घेऊन हिंडावे लागे.

हौशी लोकांनी पीएसपीवर स्वतःचे प्रोग्रॅम चालवण्याच्या वाटा शोधल्या, आणि पहिला विचार आला तो हा: चकतीची जशीच्या तशी प्रत मेमरी कार्डावर ठेवली तर? अशा प्रतीला आयएसओ म्हणतात. अडचण कार्डाची होती. पीएसपीच्या सुरुवातीच्या संचाबरोबर सोनी जे कार्ड देत असे ते ३२ मेगाबाइटचे होते. बत्तीस! एका मोठ्या चकतीची प्रत ठेवायला तशी पंचावन्नहून जास्त कार्डे लागली असती. मोठी कार्डे होती, पण किंमत ऐकून माणूस मागे फिरे. आज तुमच्या फोनवर असलेली सीएसओ फाइल जन्मली ती या महागाईतून.

फाइल लहान करण्याची विद्या त्याआधीच तयार होती. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या एमआयटीत शिकताना काढलेली आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली एक युक्ती: जे चिन्ह वारंवार येते त्याला छोटी खूण द्या, क्वचित येते त्याला मोठी. हैफाच्या तंत्रविद्यापीठातले जेकब झिव्ह आणि अब्राहम लेंपेल यांची १९७७ ची दुसरी युक्ती: आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला तर तो परत लिहू नका, ‘इतक्या मागे जा, इतकी अक्षरे घ्या’ एवढेच लिहा. कीर्तनकार ध्रुवपद एकदाच लिहून पुढे ‘धृ.’ घालतो, तसेच. (झिव्ह आणि लेंपेल दोघेही २०२३ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने गेले. आपल्याकडे त्याची बातमी मला फारशी दिसली नाही. रोज झिप फाइल उघडणाऱ्या देशात ती यायला हवी होती.) या दोन युक्त्या एकत्र करून फिल कॅट्झ याने जी पद्धत केली तिला डिफ्लेट म्हणतात. झिप फाइलींच्या आत तीच असते.

मग आयएसओची सरळ झिप का केली नाही? कारण गेम हा कादंबरीसारखा पहिल्या पानापासून वाचला जात नाही. खेळाडू दार उघडतो, तेव्हा दाराच्या मागच्या खोलीचे चित्र चकतीच्या मधल्या कुठल्यातरी भागातून लगेच लागते. सबंध फाइल एकच गाठोडे करून बांधली, तर मधले वस्त्र काढायला वरचे सगळे उलगडावे लागेल. ‘बूस्टर’ एवढ्याच टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्रोग्रॅमरने पीएसपीसाठी यावर सोपा तोडगा काढला. आयएसओचे २०४८ बाइटचे तुकडे करायचे, कारण चकतीवरचा एक कप्पा तेवढाच असतो. प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र घडी घालायची, आणि फाइलच्या सुरुवातीला अनुक्रमणिका लावायची: अमुक तुकडा अमुक ठिकाणी. पूर्ण भरलेल्या चकतीचे असे जवळपास पावणेनऊ लाख तुकडे होतात. प्रत्येक नोंदीला चार बाइट धरले तर अनुक्रमणिका साडेतीन मेगाबाइटच्या आसपास जाते. एखाद्या तुकड्याची घडी घालून काही वाचतच नसेल, तर तो तसाच ठेवायचा आणि नोंदीत त्याची खूण करायची. झाले. हाच सीएसओ.

मला या रचनेचे कौतुक वाटते ते तिच्या प्रामाणिकपणामुळे. घडी उलगडली की आयएसओ बाइटनबाइट तशीच परत मिळते. काही हरवत नाही.

पण जागा वाचते किती? इथे एक गंमत आहे. काही गेमच्या चकतीवर निव्वळ भरताड असे. कामाचा मजकूर चकतीवर हव्या त्या जागी बसावा म्हणून उरलेल्या जागेत शून्ये भरून ठेवत. लाखो शून्यांची घडी जवळजवळ काहीच जागा घेत नाही, त्यामुळे अशी चकती निम्म्याहून खाली येई. उलट ज्या गेममध्ये चित्रफिती आणि संगीत भरपूर, तिथे सीएसओ फारसे काही करू शकत नाही, कारण चित्रफिती आणि गाणी चकतीवर येण्याआधीच दाबलेली असतात. पिळलेल्या कपड्यातून आणखी पाणी किती निघणार?

आता फोन. पीएसपी फोनवर आणण्याचे मोठे काम केले स्वीडनच्या हेनरिक रिडगोर्ड याने. गेमक्यूबचा ‘डॉल्फिन’ हा एम्युलेटर सुरू करणाऱ्यांपैकी तो एक. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याने पीपीएसएसपीपी प्रसिद्ध केला, अँड्रॉइडसकट, आणि मूळ संहिता सर्वांसाठी खुली ठेवली. काम अवघड का, ते पाहा. पीएसपीचा प्रोसेसर मिप्सची भाषा बोलतो, फोनचा आर्मची. गेम चालू असतानाच एका भाषेतल्या आज्ञांचे दुसऱ्या भाषेत भाषांतर करावे लागते, आणि एकदा केलेले भाषांतर पुन्हा लागेल म्हणून जपून ठेवावे लागते. सोनीचा अंतर्गत प्रोग्रॅम तर त्यात वापरलेलाच नाही. गेमने ‘फाइल उघड’, ‘आवाज काढ’ असे म्हटले की जे सोनीच्या यंत्राने केले असते, ते पीपीएसएसपीपी स्वतः लिहिलेल्या संहितेने करतो. बायोस लागत नाही. कनेक्टिक्सने न्यायालयात जे सांगितले होते त्याचीच ही पुढची पायरी.

भारतात याला वाट मिळाली ती मात्र मेमरी कार्डामुळे. २०१३-१४ चे दिवस आठवा. एक गिगाबाइट थ्रीजी डेटाला दोनशे-अडीचशे रुपये मोजावे लागत. स्वस्त अँड्रॉइड फोनच्या आत चार गिगाबाइट जागा, त्यातली अर्धी आधीच भरलेली. अशा वेळी दीड गिगाबाइटचा गेम उतरवणे म्हणजे महिन्याचा खर्च एका रात्रीत उडवणे. मग एकाने सायबर कॅफेतून आणायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून शेअरइट, झेंडरने घ्यायचा. ही दोन्ही अ‍ॅप जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपच्या यादीत गेली, पण तोवर त्यांनी किती गेम हातोहात पोहोचवले त्याची गणती कुणी ठेवलेली नाही. मोबाइल रिचार्जच्या दुकानात गाणी आणि सिनेमे कार्डात भरून मिळत, तसे काही ठिकाणी गेमही मिळत. मी तेव्हा इंदूरला शिकवत होतो. वसतिगृहातल्या मुलांत ‘व्हाइस सिटी स्टोरीज’ची एकच फाइल तीन वर्षे खोलीखोलीतून फिरताना मी पाहिली आहे. तिचे नावही कुणी बदलले नव्हते. पहिल्या मुलाचे टोपणनाव त्यात तसेच राहिले होते. हस्तलिखिताच्या शेवटी लेखकू स्वतःचे नाव घालतो, त्यातलाच हा प्रकार.

पण डेटा महाग, कार्ड लहान, यातून एक दुसरी गोष्ट जन्मली आणि माझा खरा मुद्दा तिच्याबद्दल आहे. ‘हायली कम्प्रेस्ड’. दीड गिगाबाइटचा गेम फक्त शंभर मेगाबाइटमध्ये! असे मथळे तुम्ही पाहिले आहेत. या एका नावाखाली अगदी वेगवेगळा माल विकला गेला. काही वेळा ते फक्त वाहतुकीचे गाठोडे असे: सेव्हन-झिपने घट्ट बांधलेले, फोनवर सोडले की पुन्हा मूळ आकाराचे. त्यात फसवणूक नाही, जागाही वाचत नाही, फक्त उतरवण्याचा डेटा वाचतो. पण पिळलेल्या कपड्याचे आपण पाहिले. चित्रफिती आणि संगीत असलेला गेम घडी घालून पंधराव्या हिश्श्यावर येत नाही, येऊच शकत नाही. आला असेल, तर कुणीतरी कात्री चालवली आहे. मधल्या चित्रफिती काढून टाकलेल्या, पार्श्वसंगीत गायब, समालोचकाचा आवाज गप्प, कधी एखाद्या भाषेचे संवादच नाहीत.

अशी एक कापलेली प्रत आणि चकतीवरून काढलेली पूर्ण प्रत मी शेजारी ठेवून तपासली आहे. गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. कापलेल्या प्रतीत शर्यत सुरू होते, गाडी धावते, पण इंजिनाशिवाय काही ऐकू येत नाही. ज्या विद्यार्थ्याकडून ती मिळाली त्याला मी पूर्ण प्रत ऐकवली. तो म्हणाला, “सर, यात गाणी होती?” दोन वर्षे तो हा गेम शांततेत खेळला होता, आणि तो तसाच असतो अशी त्याची समजूत होती. त्याला त्या शांत गेमचीच सवय आहे, हेही त्याने सांगितले.

यात मला हसू आले नाही. आपल्याकडच्या पोथ्यांचे असेच झाले आहे. नक्कल करणारा एखादा श्लोक गाळतो, दुसरा पदरचा घालतो, आणि तीनशे वर्षांनी तीच प्रत कुणासाठी तरी मूळ ठरते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. निम्मे शतक विद्वान पाठभेद जुळवत बसले. गेमच्या बाबतीत आपल्याला तेवढे बसावे लागणार नाही, कारण आपल्याकडे एक साधन आहे जे सुकथणकरांकडे नव्हते. फाइलमधल्या सगळ्या बाइटवर ठरलेले गणित केले की एक छोटी संख्या मिळते. तिला चेकसम म्हणतात. फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. एक बाइट बदलला तरी ठसा बदलतो. रीडंप नावाच्या प्रकल्पातले हौशी लोक जगभरच्या चकत्यांचे असे ठसे नोंदवून ठेवतात, आणि वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या चकत्यांवरून काढलेला ठसा जुळला की नोंद पक्की धरतात. सीएसओ उलगडून आयएसओ केली आणि तिचा ठसा नोंदीशी जुळला, तर प्रत पूर्ण आहे. नाही जुळला, तर कात्री कुठे चालली ते शोधायचे. पाच मिनिटांचे काम आहे.

आता हे सगळे आपल्या दाराशी आणतो. पीएसपीसाठी भारतात बनलेले गेम होते, हे किती जणांना माहीत आहे? हैदराबादच्या गेमशास्त्र या कंपनीने २००९ मध्ये ‘देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया’ केला, प्लेस्टेशन २ आणि पीएसपी दोन्हींसाठी. त्यात कबड्डी होती, पतंग होते, विटीदांडू होता. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० चा. ‘चंद्रगुप्त: वॉरियर प्रिन्स’ २०११ चा. शाहरुख खानच्या सिनेमावरचा ‘डॉन २’ आला २०१३ मध्ये. जगात प्लेस्टेशन २ चे उत्पादन संपल्याची बातमी येऊन गेली होती, आणि आपल्याकडे त्याच्यासाठी नवा गेम निघत होता. कारण आपल्याकडे ते यंत्र तेव्हाही घराघरांत चालू होते.

हे गेम फार चांगले होते असे मी म्हणणार नाही. ‘देसी अड्डा’चा विटीदांडू खेळून पाहिला तर विटी कुठे जाईल याचा भरवसा नसतो, खऱ्या विटीदांडूतही नसतो म्हणा. पण चांगला की वाईट हा इथे प्रश्नच नाही. कन्सोलवर विटीदांडू आणण्याचा तो एक भारतीय प्रयत्न होता, त्यावर भारतीय मुलामुलींनी काम केले होते, आणि त्याची चकती आज दुकानात मिळत नाही. ही अवस्था फक्त आपली नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. जिथे बाजार एवढा मोठा तिथे ही गत, तर आपल्या पाच-सहा नावांची काय कथा.

पुस्तकांचे तसे नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची असते. त्यातले एक मुंबईत आहे. सिनेमासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तेही उशिराच आले. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट, आणि त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’चीही काहीच रिळे उरली आहेत. गेमची प्रत कुठे द्यावी असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. मग त्या जपतो कोण? वसतिगृहातली मुले, मेमरी कार्डात, कापून.

एप्रिल २०२४ मध्ये अ‍ॅपलने जुन्या यंत्रांच्या एम्युलेटरना आपल्या दुकानात परवानगी दिली आणि पुढच्याच महिन्यात पीपीएसएसपीपी आयफोनवरही आला. म्हणजे चालवायचे साधन आता प्रत्येक खिशात आहे आणि त्यात काही गैर नाही. कमतरता आहे ती पूर्ण प्रतींची.

म्हणून या भागाच्या शेवटी नेहमीच्या प्रश्नोत्तरांऐवजी एक काम देतो. घरात, माळ्यावर, भावाच्या जुन्या दप्तरात वर सांगितलेल्या चारांपैकी एखादी चकती असेल, प्लेस्टेशन २ ची किंवा यूएमडी, तर ती फेकू नका आणि भंगारवाल्याच्या पिशवीतही टाकू नका. यूएमडीचे प्लॅस्टिकचे कवच सांध्याशी उकलते. उकलले असेल तर आतल्या चकतीला बोट लावू नका, कोरड्या डबीत ठेवा. खोक्यावर छापलेला क्रमांक, किंमत, विकत घेतल्याचे गाव आणि साल एका कागदावर लिहून डबीतच टाका. फोनमध्ये जुनी सीएसओ असेल तर पुसण्याआधी तिचा चेकसम काढा आणि फाइलचे नाव जसे आहे तसे राहू द्या. ‘स्ट्रीट क्रिकेट’ची खोक्यासह पीएसपी प्रत मला अजून पाहायला मिळालेली नाही. कुणाकडे असेल तर व्हिडिओखाली गावाच्या नावासह तेवढे लिहा.

पुढच्या भागात: तारखात्याची तार, आणि तिच्यातले शब्द मोजून पैसे घेण्याची पद्धत.